घराला चाकं लावताना

लोहारा,
६ नोव्हेंबर २०२३

गुलाब,

जय भीम. तब्येतीची चौकशी शेवटी करते, आधी कामाचं.

फोन करणार होते. पण फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि राहिलेलं अर्धं तू मनानं जुळवतोस. चौतीस वर्षं एस.टी.च्या वर्कशॉपात रिव्हेट ठोकून कान गेले, त्यात तुझा दोष नाही. पण मला हे ओरडून सांगायचं नाही, म्हणून पत्र.

गेल्या महिनाअखेर मी रिटायर झाले. एकतीस वर्षं या तालुक्यात नर्सबाई म्हणून काढली, तीही सगळी सरकारी क्वार्टरमध्ये. आता क्वार्टर ३१ जानेवारीला सोडायचं. प्रसेनजित म्हणतो, आई, पुण्याला ये. सून भाग्यश्रीही म्हणते, आणि ती मनापासून म्हणते. पण तुझे भाऊजी गेल्यावरही मी इथंच राहिले ते काही उगाच नाही. इथल्या बायका अजून मला विचारल्याशिवाय गोळी घेत नाहीत, आणि मलाही त्याची सवय लागली आहे. म्हणून लोहाऱ्यातच दोन खोल्या भाड्यानं बघायला निघाले.

सात घरं बघितली. एकाही घरात 'नाही' म्हणाले नाहीत, हे विशेष. उमाबाईची दोन्ही बाळंतपणं माझ्या हातची. तिनं बसवलं, चहा पाजला, साडीचं कौतुक केलं आणि मग म्हणाली, "बाई, तुमच्यावानी भाडेकरू आमाला शोधून सापडायचा न्हाय. पण घरात सासूबाई हायत. देवाचं लई करत्यात. तुमालाच अवघड व्हईल." माझ्या अवघडाची केवढी ती काळजी! दुसरीकडं खोली कालच गेली होती; त्या खोलीला आज सकाळीही कुलूपच होतं. तिसऱ्या मालकाचा पुतण्या राहायला येणार होता. पुढचं लिहीत नाही, तुला कळलं असेल. आपण बौद्ध, आणि सासरचं बनसोडे म्हटलं की पुढं काही सांगावं लागत नाही. नाळ कापताना ते कुणाच्या आड आलं नाही. भाड्याच्या खोलीत मात्र येतं.

तेव्हा मी ठरवलंय. एका ट्रस्टच्या दवाखान्याची जुनी रुग्णवाहिका विकायची आहे. अकरा वर्षांची, उंच छताची, आत उभं राहता येतं. तिच्यातून मी कितीतरी बायका नेल्या आहेत. ती घेणार आणि तिच्यात राहणार. गाडी मला येते. सहा वर्षांपूर्वी ड्रायव्हर जेवायला गेला होता आणि इकडं बाई कळा देत होती. त्याच आठवड्यात मी लायसन्सचा अर्ज टाकला.

तू जन्मभर गाड्यांच्या बॉड्या बांधल्यास. घ्यायच्या आधी काय काय बघू, तेवढं लिही. घेऊ का नको, हे विचारलेलं नाही.

गुडघे कसे आहेत?

तुझी,
आक्का

*

जळकोट,
१३ नोव्हेंबर

आक्का,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं कुणी चेष्टा केली. दुसऱ्यांदा अक्षर ओळखलं.

तू विचारलेलं नाहीस तरी सांगतो. घेऊ नको. आपला आज्जा पत्र्याखाली जन्मला आणि पत्र्याखालीच मेला. आबांनी भिंती विटांच्या केल्या, पण वर पत्राच राहिला. स्लॅब पडला तो माझ्या नोकरीवर, आणि त्या दिवशी आई गच्चीवर जाऊन नुसती बसून राहिली होती, आठवतं? पत्र्याखालून स्लॅबखाली यायला आपल्याला तीन पिढ्या लागल्या. आणि तू शिकलेली, पेन्शनवाली, आपल्या पायांनी परत पत्र्याखाली चाललीस? तेही मैदानात, चार लोकांच्या डोळ्यांसमोर? लोक म्हणतील, बनसोड्याच्या बाईला कुणी घर दिलं नाही, म्हणून डबड्यात राहते. आणि लोहाऱ्याच्या उन्हाळ्यात त्या डबड्यात भाकरी चुलीशिवाय भाजेल, हे वेगळंच.

झालं माझं बोलून. आता गाडीचं.

रंग बघू नको, चमक बघू नको. पेचकस घे आणि खाली वाक. दाराच्या पायरीखाली, चाकांच्या वर, चासीच्या, म्हणजे खालच्या सांगाड्याच्या, जोडांवर टोचून बघ. टण् वाजलं तर लोखंड आहे. पेचकस आत गेला तर परत ये, गाडी कितीही लाडाची असली तरी. छतावर सायरन बसवलेला असतो. त्याच्या बोल्टांच्या भोकांतून पाणी उतरतं, म्हणून आतल्या बाजूला पिवळे ओघळ शोध. इंजिन सकाळी थंड असताना तुझ्यासमोर सुरू करायला लाव. विकणारा ते आधीच गरम करून ठेवतो आणि मग पहिल्या हाकेला सुरू झाल्याचं कौतुक सांगतो.

घेतलीसच तर सगळ्यात आधी आर.टी.ओ.चे कागद. रुग्णवाहिका म्हणून नोंदलेली गाडी घर म्हणून वापरता येत नाही. सायरन, दिवा, पट्टे उतरव, नोंद बदलून घे, आणि आत काहीही बांधायच्या आधी परवानगी काढ. नंतर काढू म्हणणाऱ्यांच्या गाड्या मी तिथल्या आवारात गंजताना बघितल्यात.

गुडघे आहेत तिथंच आहेत.

गुलाब

*

लोहारा,
२७ नोव्हेंबर

गुलाब,

पेचकस सगळीकडं टण् वाजला, फक्त डाव्या पायरीखाली आत गेला. तुझ्या हिशेबानं परत यायला हवं होतं. पण इथला वेल्डर शरणबसप्पा सोबत होता. तो म्हणाला, तेवढा तुकडा बदलू, बाकी चासी लोखंडाचीच आहे. घेतली. आर.टी.ओ.त अर्जही टाकला. तिथल्या माणसानं तीनदा विचारलं, "बाई, कुणासाठी?" तिन्ही वेळा सांगितलं, माझ्यासाठी.

पत्र्याचं तू लिहिलंस ते दिवसभर मनातून गेलं नाही. आईचं गच्चीवर बसणं मलाही आठवतं. पण आज्जाचा पत्रा दुसऱ्याच्या जागेवर होता. ऊठ म्हटलं की उठावं लागायचं, आणि कुठं जायचं तेही तेच सांगायचे. हा पत्रा माझा आहे. गाडीच्या कागदावर माझं नाव लागणार आहे. मला कुणी ऊठ म्हणालं तर मी चावी फिरवून उठेन आणि मला वाटेल तिथं बसेन. आणि लोक काय म्हणतील म्हणतोस, तर लोक म्हणून मोकळे झालेत. सात घरांत, चहा पाजून.

प्रसेनजितला सांगितलं. तो म्हणाला, "आई, आमच्यावर रागावलीस का?" त्याला वाटतं मी रुसून चालले. अरे, हौसेनं पुण्याला मी कधीही गेले असते. नात शिवानी आहे तिथं, तिच्यासाठी तर आत्ता गेले असते. पण इथं जागा मिळाली नाही म्हणून जायचं, म्हणजे हरून जायचं. तसं मी जाणार नाही. हा फरक त्याला कळत नाही. तुला तरी कळतो का?

कागद होतील तोवर शरणबसप्पाच्या आवारात गाडी उभी आहे. पहिलं काम कोणतं?

आक्का

*

जळकोट,
४ डिसेंबर

आक्का,

फरक कळतो. पुढं.

आधी सगळं काढ. स्ट्रेचर, कपाटं, बाकडं, खालचं रबर, काही म्हणजे काही ठेवू नको. नुसता डबा राहू दे. मग एकाला छतावर पाणी ओतायला लाव आणि तू दार लावून आत बॅटरी घेऊन बस. थेंब दिसेल तिथं खडूची खूण. वर्कशॉपात नवीन बॉडीवर आम्ही असंच पाणी मारायचो आणि आत एकाला बसवायचो. बहुतेक मलाच.

गंज पत्रा पांढरा दिसेपर्यंत घासायचा. हातानं, तारेच्या ब्रशनं. मशीन वरवर फिरतं आणि खाचेतलं तसंच ठेवतं. मग गंज रोखणाऱ्या रेड ऑक्साइडचा हात, पूर्ण वाळू दे, घासकागद, आणि परत एक हात. घाई केलीस की वर्षात खालून फुगून येईल.

त्यानंतर आठ दिवस काहीही बांधायचं नाही. तळाला फळी टाक आणि तिच्यावर खडूनं आख. ही झोपायची जागा, हा ओटा, हे पाणी. आणि त्या खडूच्या घरात रोज चार तास राहून बघ. वाक, वळ, झोप, चहा करायचं नाटक कर. खडू पुसता येतो, प्लायवूड पुसता येत नाही. जड सामान सगळं खाली आणि पुढच्या-मागच्या चाकांच्या मधे. पाण्याची टाकी उजवीकडं ठेवलीस तर बॅटरी आणि ट्रंक डावीकडं. एका अंगाला झुकलेली गाडी वळणावर दारुड्यासारखी चालते. आणि स्क्रू कुठंच नको, आपल्या रस्त्यांवर ते महिन्यात सुटतात. नट-बोल्ट, खाली स्प्रिंग वॉशर. प्रत्येक कप्प्याला खिटी, नाहीतर पहिल्याच गतिरोधकाला तिखटाचा डबा तुझ्या डोक्यावर.

एवढं झालं की कळव. घाई नाही.

गुलाब

*

लोहारा,
२६ डिसेंबर

गुलाब,

झालं. सगळं झालं. आर.टी.ओ.चा कागदही हातात आला.

छताला चार ठिकाणी खूण पडली, सायरनच्या भोकांशी तीन आणि एक भलतीकडंच; चारही शरणबसप्पानं बुजवली. घासायला दहा दिवस गेले. हाताला फोड आले, ते फुटले, परत आले. शरणबसप्पा बघून बघून कंटाळला. म्हणाला, "बाई, एवढं कोण घासतंय? रंग मारा वरनं, पाच वर्सं बघायचं काम न्हाय." मी म्हटलं, माझा भाऊ एस.टी.चा आहे, त्याला असलं चालत नाही. म्हणताना बरं वाटलं, खरं सांगते.

खडूच्या घराची तर गंमतच झाली. पहिल्या दिवशी झोपले तर माझं डोकं ओट्यावर आणि पाय पाण्याच्या टाकीत. तिसऱ्या दिवशी कळलं की मागचं दार उघडलं की ओटा आड येतो. पाचव्या दिवशी बायका बघायला यायला लागल्या. उमाबाईसुद्धा आली. खडूची रेघ ओलांडताना साडी वर धरत होती. म्हटलं, ये गं, इथं देव नाहीत, कुणाला अवघड व्हायचं नाही. तिनं साडी खाली सोडली. मग माझ्या खडूच्या पलंगावर बसून रक्तदाब मोजून घेऊन गेली.

संडासाचं तू लिहायला लाजलास, म्हणून मीच सांगते. झाकणाची बादली, वर बसकं, आणि लाकडाचा भुसा. आणि आपलं आपण साफ करायचं. ते काम मी कुणाच्याही हाती देणार नाही, हे माझं पहिल्या दिवसापासूनचं ठरलेलं आहे.

आता पाच आठवडे राहिलेत. भिंती आणि छत आतून कशानं झाकू? तेवढं झालं की ओटा, पलंग, वायरिंग. लवकर लिही.

आक्का

*

जळकोट,
२ जानेवारी २०२४

आक्का,

छताला आतून एक पत्रा आहे ना, तो पूर्ण उतरव. त्याच्यावर काही चिकटवून भागत नाही, ऊन मधल्या पोकळीत शिरून बसतं. उतरवलास की कमानी दिसतील. त्याही घास, रेड ऑक्साइड दे, दोन हात. मग कमानींच्या मधे चांदीच्या कागदाचे फोमचे तक्ते, बोटभरही फट न ठेवता. भिंतींचंही तसंच. मग वर प्लाय. प्लायला मागून वॉर्निश दे, नाहीतर ओल धरतो.

मला विचारशील तर हे फेब्रुवारी संपेपर्यंत जाईल. जाऊ दे. तोवर पुण्याला जाऊन राहा, शिवानीला बघ. गाडी कुठं पळून जात नाही.

गुलाब

*

लोहारा,
१२ जानेवारी

गुलाब,

काल प्रसेनजितचा फोन आला. "आई, तुझ्यासाठी पलंग घेतलाय. एक फेब्रुवारीला दुकानातून घरी येतोय." मी म्हटलं, कशाला? मी तर गाडीत जाणार. तर म्हणाला, "पण मामा म्हणाले होते की गाडी जानेवारीत होणार नाही. त्यांनी डिसेंबरातच सांगितलं होतं." आणि मग एकदम शिवानीचं काहीतरी सांगायला लागला. लहानपणी साखर खाताना सापडला की असाच विषय बदलायचा.

मग मी त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी तो जळकोटला येऊन गेला. तुम्ही मामा-भाच्यांनी बसून ठरवलंत, की बाईला नाही म्हणायचं नाही, कामं सांगायची. थकेल आणि आपोआप पुण्याला येईल. दुसऱ्याच दिवशी तू मला लिहिलंस, 'घाई नाही'.

तुझी सगळी पत्रं काढून खोटं शोधत बसले. म्हटलं, कुठंतरी चुकीचं माप असेल, नको ते काम असेल. शरणबसप्पाला वाचून दाखवली. तो म्हणाला, "यात खोटं कायबी न्हाय बाई. फकस्त एवढं कुनी करत न्हाय." म्हणजे तू खोटं बोलला नाहीस. तू मला खऱ्यानं अडकवलंस. माझे दहा दिवस घासकागदानं घासून घालवलेस, आणि मी इकडं अभिमानानं सांगत फिरत होते, माझा भाऊ एस.टी.चा आहे.

सात घरांनी मला चहा पाजून परत पाठवलं. तू आठवा. तू तर चहाही पाजला नाहीस.

छताचा पत्रा मी उतरवलेला नाही आणि आता उतरवणार नाही. ३१ जानेवारीला क्वार्टरची चावी देणार आणि गाडीत जाणार. कशीही असो. उत्तर लिहू नकोस.

केशरबाई बनसोडे

*

जळकोट,
१७ जानेवारी

आक्का,

लिहू नकोस म्हणालीस, लिहितोय.

प्रसेनजित आला होता, खरं आहे. रडला माझ्यापुढं. म्हणाला, लोक म्हणतील पोरानं आईला रस्त्यावर टाकलं. पण त्याच्या रडण्यानं मी हो म्हटलं नाही. माझ्या स्वतःच्या कारणानं म्हटलं, आणि ते कारण मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

नोकरी लागली तेव्हा माझी पहिली नेमणूक लांबच्या डेपोला झाली होती. घरी मी लिहायचो, खोली चांगली आहे, मालक चांगला आहे. खोली नव्हतीच, आक्का. मी कुठं विचारायलाच गेलो नाही. आडनाव विचारतील, मग तोंड वाकडं करतील, ते बघायला नको म्हणून मी दोन वर्षं दुरुस्तीला आलेल्या गाड्यांत मागच्या बाकड्यावर झोपलो. पहाटे कुणी यायच्या आत उठून नळावर आंघोळ करायची. तुझं पहिलं पत्र वाचलं आणि मला ते बाकडं आठवलं. वाटलं, आक्का तिथंच चालली.

चूक माझी तिथं झाली. मी विचारायला भिऊन गाडीत राहिलो. तू सात दारांत उभी राहून, तोंडावर विचारून, मग गाडी घेतलीस. या दोन गोष्टी एक नाहीत, हे कळायला मला तुझं रागाचं पत्र लागलं.

खोटं माप लिहावं, असंही एकदा मनात आलं होतं. हात चालला नाही. त्यामुळं जे लिहिलं ते खरंच आहे, तुझं घासणं वाया गेलेलं नाही. तुझ्या गाडीला वीस वर्षं गंज लागणार नाही.

आता चौदा दिवस. एवढ्यात सगळं होत नाही आणि व्हायची गरजही नाही. राहायला गाडीकडं तीनच गुण लागतात. गळू नये, पेटू नये, गुदमरू नये. बाकी सगळं तिच्यात राहून करता येतं.

गळत नाही, ते तू केलंयस. छताला आतून हात लावू नको. वरून पांढरा रंग दोन हात मार, निम्मं ऊन तिथंच परत जातं. तक्ते मार्चमध्ये बसवू. पेटू नये म्हणून सिलिंडर छोटा घे. त्याची पेटी आतून घट्ट बंद आणि तळाला आरपार भोक. हा गॅस जड असतो, खाली बसतो, तो भोकातून रस्त्यावर जाऊ दे. झोपताना रेग्युलेटर बंद. पंख्या-दिव्याला वेगळी बॅटरी. इंजिनच्या बॅटरीवर पंखा लावलास तर सकाळी मैदानभर धक्का मारायला माणसं शोधशील. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, वायर जिथून पत्र्यातून जाते तिथं रबर. आणि गुदमरू नये म्हणून हवा खालून आत, वरून बाहेर. एक जाळी पायाशी, एक झाकणाची खिडकी छताला. दोन्ही बंद करून कधी चूल पेटवायची नाही, थंडी कितीही असो.

एवढं शरणबसप्पाकडून दहा दिवसांत होतं. त्याला म्हणावं, एस.टी.वाल्यानं या खेपेला कमी सांगितलंय.

गुलाब

*

लोहारा,
१२ फेब्रुवारी

गुलाब,

तुला अजून माफ केलेलं नाही. पण त्या बाकड्याचं सांगायला तुला चाळीस वर्षं लागली, म्हणून लिहायला बसले. आई तुझ्या त्या चांगल्या मालकाचं गावभर कौतुक सांगायची रे.

३१ तारखेला दुपारी चावी दिली आणि गाडी बाजार मैदानाच्या कडेला लिंबाखाली आणून लावली. ओटा आहे, पलंग आहे, पंखा फिरतो. पडदे अजून नाहीत, जुन्या साड्या लावल्यात. पहिल्या सकाळी मागचं दार उघडून चहा घेतला आणि मला इतकं बरं वाटलं की लाज वाटावी.

पाचव्या दिवशी चार माणसं आली. पुढं कोंडीराम, वयानं मोठे. म्हणाले, "बाई, तुमी गावाची लई सेवा केली. पण हे असं मैदानात राहणं गावाला शोभत न्हाय." मी विचारलं, गाड्या तर इथं रोज लागतात, माझीच का शोभत नाही? "तसं न्हाय वो, लोक बोलत्यात." कोण बोलतं? "आता नावं काय घ्यायची."

मी आत गेले, वही आणि पेन आणलं. वर लिहिलं, 'केशरबाई बनसोडे यांनी इथं गाडी लावू नये, कारण'. पुढं जागा सोडली आणि वही कोंडीरामांच्या हातात दिली. म्हटलं, कारण लिहा, खाली सह्या करा, मी आज संध्याकाळी गाडी हलवते. त्यांनी वही शेजारच्याला दिली. त्यानं तिसऱ्याला. तिसरा म्हणाला, मला चष्मा लागतो. चौथ्यानं पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. पेन चार हातांतून फिरून माझ्याकडं आलं, गुलाब. कारण चौघांना ठाऊक होतं, आणि चौघांच्यात मिळून एक अक्षर लिहायची हिंमत नव्हती.

काल राजशेखर आला. तिशीचा आहे, माझ्याच हातचा. पायाळू होता, त्याच्या जन्माला मी घामानं न्हाले होते. हातात खोलीची चावी. म्हणाला, "बाई, गावात चर्चा व्हायली. आमची वरची खोली घ्या. म्हातारीला मी समजावलंय. फकस्त एक करा. कुणी इचारलं तर आडनाव सांगू नका. नुसतं नर्सबाई म्हना."

पोरगं वाईट नाही. स्वतःहून आलं, घरात भांडून आलं असणार. मी त्याला आत बसवलं, चहा दिला. म्हटलं, राजशेखर, तुझी खोली चांगली आहे आणि तूही चांगला आहेस. पण खोली घ्यायला मला आडनाव चपलेसारखं बाहेर काढून ठेवावं लागणार, आणि तुझ्या दाराबाहेर ते ठेवायला मला सुरक्षित जागा दिसत नाही. चावी घेऊन जा. त्यानं जाताना कप स्वतः विसळून ठेवला.

तो गेल्यावर ठरवलं. मागच्या दारांवर जिथून पट्टे काढले तिथं पत्रा कोरा आहे. तिथं माझं पूर्ण नाव घालायचंय. मोठं. रंग कुठला, अक्षर केवढं, ते लिही. इथला पेंटर शोधते.

आक्का

*

जळकोट,
१६ फेब्रुवारी

आक्का,

पेंटर शोधू नको.

बॉडीच्या कामावर जायच्या आधी तीन वर्षं मी गाड्यांच्या पाट्या रंगवत होतो. गावाचं नाव केवढं काढायचं याला आमच्यात एकच नियम होता. धुळीत, लांबून, डोळे गेलेल्या म्हाताऱ्यालाही ओळखू आलं पाहिजे. तेव्हा अक्षर नऊ इंच. पांढऱ्यावर निळा, इनॅमल. जागा आधी बारीक घासकागदानं मारून ठेव, आणि या खेपेला ते अर्ध्या तासाचंच काम आहे.

नाव दोन्ही दारांच्या मधोमध घालू नको. एक दार उघडलं की अर्धं नाव जातं. 'केशरबाई' डाव्या दारावर, 'बनसोडे' उजव्या दारावर. जाताना-येताना तू डावंच दार उघडशील, उजव्याला आतून खिटी असते. म्हणजे दार उघडं असो नाहीतर बंद, आडनाव कायम समोर दिसेल. त्याचं अक्षर नावापेक्षा तसूभरही बारीक करणार नाही.

बाजाराच्या दिवशी पहिल्या गाडीनं येतो. ब्रश माझे आणतो. गाडीची मागची बाजू रस्त्याकडं करून ठेव. सगळा बाजार भरल्यावर सुरू करणार आहे आणि सावकाश काढणार आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यानं विचारलं, कुणाची गाडी, तर मला ऐकू येत नाही. त्यानं दारावर वाचावं.

पाटी झाली की खाली कोपऱ्यात रंगवणाऱ्यानं आपलं नाव घालायची रीत आहे. एस.टी.त आम्हाला ती मुभा नव्हती. इथं घालणार आहे, पूर्ण घालणार आहे. उजव्या दाराच्या खाली चार बोटं जागा सोड.

गुलाब सरवदे